प्रसिद्धीपत्रकात नसलेली ओळ

मास्तरांनी माझ्या बापाला फसवलं, आणि नाना, तुम्ही मला फसवलं.

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण पत्राच्या पहिल्या ओळीत कामाचं बोलावं आणि ख्यालीखुशाली खाली टाकावी, हे मला तुम्हीच शिकवलं. मी तिसरी शिकलेला बैलांचा व्यापारी. माझी पत्रं आधी 'सांगण्याचे कारण की' पासून सुरू होत आणि कारण सांगायच्या आत कागद संपत असे. तुम्ही धुळ्याच्या कचेरीत जन्मभर रेकॉर्ड सांभाळलेलं. माझं पहिलं पत्र हातात घेऊन तुम्ही म्हणाला होता, "हिरामण, बैल विकताना तू आधी शेपटी दाखवतोस का?" त्या दिवसापासून मी तोंडाकडून लिहायला लागलो.

संस्थेच्या स्मृतिअंकात तुमच्यावर लिहून द्या, असं संस्थेच्या माणसांनी सांगितलं. जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं ते स्वतः छापणार आहेत. मला सांगायचं आहे ते एका प्रसिद्धीपत्रकाबद्दल. त्यावरून आपलं जे बिनसलं, ते तुम्ही गेलात तरी मिटलेलं नाही.

आपली संस्था जनावरांवर फुकट उपचार करणारी. धुळ्यात एक शेड, जनावर अडकवायचे दोन खोडे आणि आठवड्यातून तीनदा येणारा डॉक्टर. तुम्ही चिटणीस, मी उपाध्यक्ष. मला घेतलं ते बैलांतलं कळतं म्हणून, आणि कोणाशी भांडायचं असलं तर मी बरा म्हणून. तेव्हा तुमच्या डोक्यात एकच खूळ होतं, मास्तरांचं पुस्तक. शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. तिथल्या शाळेतल्या मास्तरांनी फार पूर्वी बैलांच्या दुखण्यांवर एक पुस्तक काढलं होतं. खांदा सुजला तर काय लावावं, पोट फुगलं तर काय पाजावं, खुरात किडे पडले तर काय करावं. ऐंशी पानं. तेवढ्यात शेतकऱ्याला लागणारं सगळं होतं. मास्तर वारले. पुस्तकाचा हक्क त्यांच्या जळगावच्या पुतण्याकडे गेला. तो स्वतः छापत नव्हता आणि दुसऱ्याला छापू देत नव्हता. आपण दोघं तीनदा त्याच्या दारात जाऊन आलो. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "काकांची इस्टेट आहे ती." मी म्हणालो, "इस्टेटीला वाळवी लागली, जरा बघा." तुम्ही माझा सदरा धरून मला जिना उतरवलात.

मग एका वकिलानं तुम्हाला कायदा सांगितला. लिहिणारा गेल्यावर पन्नास वर्षं झाली की नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेपासून पुस्तकावर कोणाचा हक्क राहत नाही. तुम्ही मास्तरांच्या मृत्यूची नोंद काढून आणलीत, बोटांवर मोजलं आणि लहान मुलासारखे हसलात. दोन महिने उरले होते. "पुतण्याला सांगूच नको," तुम्ही म्हणालात, "पहिल्या तारखेला पेपरात वाचू दे."

तेव्हा प्रसिद्धीपत्रक लिहायचं ठरलं. तुमच्या ओसरीत बसून, जुन्या फॉर्मांच्या कोऱ्या पाठीवर, पेन्सिलीनं. असा सौदा मी आयुष्यात दुसरा केला नाही. बैलाचा सौदा फार तर अर्धा दिवस चालतो. हा तीन आठवडे चालला, आणि तोही शब्दांचा.

तुमचा पहिला खर्डा 'कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की' असा होता. मी म्हणालो, "आनंद आपल्याला होतोय. बैलाला काय त्याचं?" तुम्ही ते खोडलंत. पुढं लिहिलं होतं, 'सदर ग्रंथ सार्वजनिक मालकीचा झाला आहे.' मी तिथंच अडलो.

"मालकी म्हटलं की लोक विचारतील, मालक कोण?"

"सगळे."

"नाना, ज्या बैलाचे सगळे मालक, त्याला वैरण कोण टाकतो?"

"पुस्तक वैरण खात नाही, हिरामण."

"छापायला तर लागतं ना? आपण छापणार, आपण वाटणार, आणि उद्या कोणीही उठून तेच छापून विकणार?"

"विकू दे. फुकट वाटू दे. दोन पानं फाडून गोठ्यात चिकटवू दे. तेच तर मला पाहिजे."

आणि तुम्ही ते वाक्य लिहिलंत. ते मला आजही पाठ आहे: 'या पुस्तकावर आता कोणा एकाचा हक्क नाही, म्हणून ते प्रत्येकाचे आहे, ते छापण्यास आमच्या संस्थेचीही परवानगी लागणार नाही.' मी चार दिवस त्या वाक्याशी भांडलो. काकू चहा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "अजून त्याच ओळीवर? बैल उठला का बसला ते तरी सांगा."

पाचव्या दिवशी मी माझी अट सांगितली.

माझा बाप उखा, आम्ही त्याला आबा म्हणायचो. गावात एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. अक्षर ओळखत नव्हता. पण बैलाच्या अंगावरून हात फिरवून दुखणं कुठं आहे ते सांगायचा. मास्तर रोज संध्याकाळी आमच्या बापाजवळ गोठ्यात येऊन बसत. वही मांडीवर. बाप बोले, मास्तर लिहीत. मी तेव्हा फार लहान. मला वही आठवत नाही, पण माझ्या अक्काला आठवते. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. पुस्तक आलं तेव्हा मास्तरांनी एक प्रत आणून दिली. तीत देवाचे आभार होते, शाळा तपासनिसाचे होते, छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याचेसुद्धा होते. उखाचं नाव कुठंच नव्हतं. बापानं ती प्रत कोनाड्यात ठेवली. आम्ही विचारलं तर म्हणाला, "मास्तरनी बठ्ठं बराबर लिखेल शे." त्याला वाचता येत नव्हतं, तरी सगळं बरोबर लिहिलंय म्हणाला. पुढं अक्का काही बोलायला गेली की तो उठून बैलांना पाणी पाजायला निघून जाई.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "पुरावा?"

"पुस्तकात मोत्या नावाच्या बैलाची गोष्ट आहे. डाव्या शिंगाचा टवका उडालेला. तो बाप राबायचा त्याच गोठ्यातला."

"मोत्या नावाचे बैल मोजायचे म्हटलं तर शिरगणतीचं खातं पुरणार नाही."

"टवका?"

"टवक्यांची तर शिरगणती झालेलीच नाही."

मी संतापलो, मग हसलो, मग पुन्हा संतापलो. म्हणालो, "तुमचं ते परवानगीचं वाक्य मी सोडतो. जाऊ द्या पुस्तक जगाकडं. पण माझी एक ओळ घाला. 'या पुस्तकातील उपाय मास्तरांना उखा सालदार यांनी सांगितले.' एवढंच. नाही तर उपाध्यक्षाची सही मिळणार नाही."

तुम्ही पेन्सिल कानामागं ठेवलीत. मग म्हणालात, "तुमच्या बाजारात करतात तसा सौदा कर माझ्याशी."

बाजारात आम्ही भाव तोंडानं बोलत नाही. रुमाल टाकायचा, त्याखाली एकमेकांचे हात धरायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. आजूबाजूच्यांना काही कळत नाही. आणि एकदा बोट दाबून कबूल केलं की बैल मेला तरी सौदा मोडत नाही. तिथं कागद नाही, साक्षीदार नाही. मी तुमचं उपरणं आपल्या दोघांच्या हातांवर टाकलं. तुमचा हात कारकुनाचा, मऊ, शाईचा. तुम्ही माझं एक बोट दाबलंत. एक ओळ. कबूल.

मला त्याच संध्याकाळी चाळीसगावच्या बाजाराला निघायचं होतं. टायपिंग दुसऱ्या दिवशी होणार होतं. तुम्ही म्हणालात, येऊन सही कर. मी म्हणालो, बोट दिल्यावर सही कसली, आणि संस्थेच्या कोऱ्या लेटरहेडवर खाली सही करून दिली. नाना, माझ्या धंद्यात बैलाचे दात न बघता बैल घेणाऱ्याला खुळा म्हणतात. मी बैलाचे दात बघतो, पायाखालची माती बघतो, विकणाऱ्याच्या बायकोचं तोंड बघतो. आणि तुमच्यापुढं कोऱ्या कागदावर सही केली.

पहिल्या तारखेला मी एरंडोलला होतो. स्टँडवरच्या हॉटेलात पेपर घेतला. पाचव्या पानावर आपलं पत्रक. तुमचं वाक्य जसंच्या तसं. खाली माझं नाव. ओळ नव्हती. मी तीन वेळा वाचलं, मग हॉटेलवाल्याकडून वाचून घेतलं, की मलाच दिसत नसेल. तिकडं गावात अक्कानं शाळेतल्या बाईंना घरी बोलावून, शेजारणी गोळा करून पेपर मोठ्यानं वाचून घेतला होता. मीच तिला निरोप पाठवला होता. वाचून झाल्यावर ती म्हणाली म्हणे, "आनि आबानं नाव कोठे शे?" बाईंनी पान उलटून बघितलं. मागं बियाण्याची जाहिरात होती.

मी तसाच धुळ्याला आलो. तुमच्या फाटकात उभा राहून काय काय बोललो ते गल्लीला माहीत आहे. तुम्ही कठड्यापाशी उभे होतात.

"बोट दिलं होतं तुम्ही मला."

"दिलं होतं. चुकलो. देताना चुकलो, हिरामण. काढताना नाही."

"म्हणजे माझा बाप खोटा?"

"खोटा नाही. पण माझ्याकडं कागद नाही. छापलेलं मागं घेता येत नाही, आणि मेलेल्या मास्तरांना उलट बोलता येत नाही."

"मेलेला माझा बापही आहे!"

मी राजीनामा फेकला आणि निघालो. काकूंनी पाणी आणलं होतं, ते तसंच हातात राहिलं.

सात वर्षं झाली त्याला. या सात वर्षांत मी शिरपूर, चोपडा, चाळीसगाव, जिथं बैल उभे राहतात तिथं तिथं सांगितलं, की धुळ्याचा नाना बोट देऊन फिरला. बाजारात याहून मोठी शिवी नाही. तुमच्या कानावर जात होतं, मला ठाऊक आहे.

तरी आपण तुटलो नाही, हे कसं ते मला अजून सांगता येत नाही. माझ्या मंडळींचं ऑपरेशन धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात झालं, तेव्हा अकरा दिवस तुमच्या घरून डबा आला. भाकरी आणि वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचं. डबा तुम्ही स्वतः आणायचात, गुडघे धरत जिना चढून. आपण पावसावर बोलायचो, कापसावर बोलायचो. मधल्या जागेत ती ओळ बसलेली असायची. दोघंही तिच्याकडं बघत नव्हतो. पुढं दिल्लीत कायदा बदलला, पन्नासाची साठ वर्षं झाली. तेव्हा तुम्ही मुद्दाम माझ्या घरी आलात आणि दारातूनच म्हणालात, "बघ, आपला बैल वेळेवर सुटला. आता गोठ्याला कुलूप लागलं." मी हसलो. हसल्यावर मला माझाच राग आला.

आणि पुस्तक गेलं, नाना. तुम्ही म्हणाला होतात तसंच गेलं. एकदा सातपुड्यातला एक पावरा आदिवासी गडी बैल घ्यायला आला होता. बैलाचं पोट जरा फुगलेलं होतं. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "तोंडात लाकूड आडवं बांधा, गोडं तेल पाजा, पुढचे पाय उंचावर ठेवा." माझ्या बापाचे शब्द. त्याच क्रमानं. विचारलं, कोणी शिकवलं? म्हणाला, "कागद आहे आमच्या पाड्यावर, भिंतीला लावलेला. कोणाचा काय माहीत. सगळ्यांचाच." मी त्याला बैल मागितल्या भावात दिला. घासाघीस केली नाही. माझा जोडीदार घरी पोचेपर्यंत विचारत होता, तब्येत बरी आहे ना.

त्या वेळी तुम्हाला येऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. म्हटलं, आधी त्यांनी बोलावं.

दहाव्याला मी आलो होतो. सगळे उठल्यावर काकूंनी मला आत बोलावलं आणि सुतळीनं बांधलेलं एक बाड हातात दिलं. "हे तुझं म्हणून वेगळं ठेवलं होतं त्यांनी. मला उघडू दिलं नाही कधी."

वर आपले सगळे खर्डे होते, पेन्सिलीचे. माझी ओळ शेवटच्या खर्ड्यापर्यंत तुमच्या अक्षरात होती. त्याखाली पाच कागद. पाच म्हाताऱ्या माणसांच्या जबान्या, प्रत्येकावर अंगठा, खाली गावच्या पोलीस पाटलाची सही. आमच्या गावातले दोन, शेजारच्या गावातले दोन, आणि एक बाई लग्न होऊन चोपड्याकडं गेलेली. तिला तुम्ही कसं शोधलंत देव जाणे. ती म्हातारी सांगते: 'मी उखाच्या मालकाकडे शेण काढायला होते. मास्तर रोज यायचा. उखा सांगायचा, तो लिहायचा. उखा थांबला की तो म्हणायचा, पुढं? एकदा उखा म्हणाला, तुम्हाला सांगून मला काय मिळणार? मास्तर म्हणाला, तुझं नाव होईल.'

तुझं नाव होईल. बापानं हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

पाच जबान्यांवर पाच वेगवेगळ्या तारखा. पहिली त्याच वर्षाच्या उन्हाळ्यातली, ज्या वर्षी मी तुमच्या फाटकात उभा राहून ओरडलो. म्हणजे मी बाजारात तुम्हाला शिव्या घालत होतो, तेव्हा तुम्ही ते गुडघे घेऊन एसटीनं माझ्याच गावी जात होता. अक्काला विचारलं. ती म्हणाली, "येत व्हतात ना. माले शपथ घाली व्हती, हिरामणले सांगू नको." पोलीस पाटलालाही तीच शपथ. सगळ्या गावाला माहीत होतं, मला सोडून.

सगळ्यात खाली एक पत्राची नक्कल. तुम्ही चिटणीसपद सोडल्यावर कार्यकारी मंडळाला लिहिलेलं. 'सोबत पाच पुरावे जोडले आहेत. पुढील आवृत्तीत पहिल्या पानावर खालील ओळ घालावी.' आणि माझी ओळ. त्यावर संस्थेचा आवकचा शिक्का, दोन वर्षांपूर्वीचा. मागं पेन्सिलीनं तुमच्या हातचं: 'छापून आल्यावर हिरामणला नेऊन दाखवणे. आधी नको. आधी एकदा सांगून चुकलो आहे.'

नाना, मी ही पाठ तुमच्या ओसरीतच वाचली. तुम्ही मला फसवलं हे मी वर लिहिलं आहे, ते खोडणार नाही. बोट देऊन फिरलात, हे खरं. आणि मला न सांगता पाच वर्षं माझ्या बापासाठी वणवण केलीत, त्यामुळे मला तुमची माफी मागायची संधीही ठेवली नाहीत. ही दुसरी फसवणूक, पहिलीपेक्षा मोठी. मी बाजारात जे बोललो ते माझ्यावर आहे. गेल्या शनिवारी चाळीसगावला, ज्यांच्यापुढं बोललो होतो त्यांच्यापुढंच उभं राहून मी ते परत घेतलं. जेवढे हजर होते त्यांनी ऐकलं.

पण तुमच्या पत्रावर शिक्का पडल्यानंतर पुस्तकाची एक आवृत्ती निघाली. मी आणून बघितली. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो आहे. ओळ नाही. आणखी एक आवृत्ती आता छापखान्यात आहे, तुमच्या स्मरणार्थ. शोकसभेत मंडळातले चौघं बोलले. पुस्तक सगळ्यांचं झालं, असं चौघंही म्हणाले. उखाचं नाव एकानंही घेतलं नाही. आणि चौघांपैकी दोघांच्या सह्या त्या आवकच्या शिक्क्याखाली आहेत.

पुरावा नाही असं आता कोणी म्हणू शकत नाही. पुरावा तुम्ही गोळा केलात, जोडलात, नोंदवलात. तेव्हा अध्यक्ष, चिटणीस आणि मंडळाचे सभासद, हे मी तुम्हाला विचारतो आहे, तुमच्याच अंकात, सगळ्यांसमोर: नानांचं पत्र आणि पाच अंगठे मिळाल्यावर ते कोणाच्या टेबलावर गेलं, ते सभेपुढं का ठेवलं नाही, आणि उखा सालदाराचं नाव पहिल्या पानावर घालायला कोणी नाही म्हटलं? त्या माणसाचं नाव मला पाहिजे. लेखी.